राष्ट्रीय कार्यकारिणीत आपल्या भागाची जागा: यादीत नाव आलं म्हणजे प्रतिनिधित्व झालं का?

बालाघाटचा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, पण आज विचारायचंच आहे. मी बीड जिल्ह्यात एका राष्ट्रीय पक्षाचं तालुक्याला १४ वर्षं काम करतोय. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या पक्षावर जाईल आणि प्रश्न तसाच राहील.

मागच्या महिन्यात जिल्हा कार्यालयात बैठक संपून चहा चालू होता आणि कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर नवीन राष्ट्रीय कार्यकारिणीची यादी आली. आम्ही सात-आठ जण एका मोबाईलभोवती उभे, एकजण बोटाने वर सरकवत नावं वाचतोय आणि बाकीचे राज्य विचारतायत. महाराष्ट्राची चार नावं निघाली. दोघं मुंबईचे, एक पुण्याचे, आणि चौथे मूळचे आमच्या इकडचे पण ३० वर्षं झाली दिल्लीतच आहेत, गावाकडे लग्नकार्याला सुद्धा येत नाहीत. आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, अरे चार आहेत की महाराष्ट्राचे, बरंय. मी काही बोललो नाही पण ते डोक्यातून जाईना.

कारण असं, की दोन वर्षांपूर्वी आम्ही सोयाबीनच्या हमीभाव खरेदी केंद्रांबद्दल ठराव केला होता, केंद्रं उशिरा उघडतात तोपर्यंत शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याला घालून मोकळं झालेलं असतं, हा विषय केंद्र सरकारचा आहे म्हणून राष्ट्रीय बैठकीत यावा असं म्हटलं होतं. तालुक्याने जिल्ह्याला दिला, जिल्ह्याने प्रदेशाला दिला. पुढे काय झालं ते आजपर्यंत कळलं नाही. तिथे बसलेल्या चौघांपैकी एकालाही आम्ही फोन लावू शकत नाही, कारण त्यांना निवडताना आम्हाला कुणी विचारलेलंच नाही.

आता पक्षाच्या घटनेत दुरुस्त्या सुचवा असं वरून पत्र आलंय आणि माझ्यावर मसुदा लिहायचं काम आलंय. तर जाणकारांनी सांगा, राष्ट्रीय कार्यकारिणीत प्रदेशांना जागा ठरवून द्यायची पद्धत कुठे आहे का? असली तर लोकसंख्येवर, सदस्यसंख्येवर की सगळ्यांना सारखी? आणि महाराष्ट्राला चार मिळाल्या म्हणजे मराठवाड्याला मिळाली असं धरायचं का?

---

वैनगंगा

बालाघाटचा भाऊ, प्रश्न जुना आहे, पक्ष नावाची गोष्ट आपल्याकडे सुरू झाली तेव्हापासूनचा.

काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ साली मुंबईत झालं, ७२ प्रतिनिधी होते आणि अध्यक्ष होते बंगालचे व्योमेशचंद्र बॅनर्जी. दुसऱ्या वर्षी अधिवेशन कलकत्त्याला, अध्यक्ष मुंबईचे दादाभाई नौरोजी. तिसरं मद्रासला, अध्यक्ष पुन्हा मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. म्हणजे अधिवेशन दरवर्षी वेगळ्या प्रांतात भरवायचं आणि अध्यक्ष त्या प्रांताबाहेरचा घ्यायचा, असा पायंडा पडला. ज्याच्या अंगणात मांडव त्याच्याच हातात सगळं जाऊ नये, म्हणून. आज राज्याचा प्रभारी नेहमी दुसऱ्या राज्यातला असतो ना, त्यामागेही हाच विचार आहे.

पण खरा बदल १९२० च्या डिसेंबरात आमच्या नागपूरला झाला. गांधीजींनी तयार केलेली नवीन घटना तिथे मंजूर झाली. १५ जणांची वर्किंग कमिटी, म्हणजे पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी, आली, अखिल भारतीय समितीची संख्या ३५० ठरली, वर्गणी चार आणे झाली, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रांतिक समित्या इंग्रजांच्या प्रांतांप्रमाणे न करता भाषेप्रमाणे केल्या. भाषावार राज्यं १९५६ ला आली, पक्षाने ते ३६ वर्षं आधी करून दाखवलं होतं. पुढारी सामान्य माणसाच्या भाषेत बोलणार असेल तरच समिती त्याची, इतका साधा तो विचार होता.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो. मराठी मुलूख त्या घटनेत एका समितीत नव्हता. मुंबई शहर वेगळं, महाराष्ट्र वेगळा, मध्य प्रांताचा मराठी भाग वेगळा आणि वऱ्हाड वेगळं. म्हणजे चार दारं होती. मुंबई काँग्रेस आजही वेगळीच आहे. आणि तुमचा मराठवाडा? तो निजामाच्या राज्यात. संस्थानांत काँग्रेस थेट काम करत नव्हती, हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहायला १९३८ उजाडलं आणि निजामाने लगेच तिच्यावर बंदी घातली. त्यामुळे 'महाराष्ट्राचे चार' हा हिशोब मराठवाड्याला आणि विदर्भाला लागू होत नाही असं तुम्ही म्हणता त्याला इतिहासाचा आधार आहे, तो मसुद्यात लिहा.

---

सतरंजीवाला

मी ७१ वर्षांचा आहे, तीन वेळा प्रदेश प्रतिनिधी होतो, कुठल्या पक्षाचा ते सोडा.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. प्रदेशच्या बैठकीत राष्ट्रीय समितीवर जाणारी माणसं निवडायची होती. घटनेत स्पष्ट लिहिलेलं, निवडणूक गुप्त मतदानाने. आम्ही आदल्या रात्री एसटीने पोचलो, सोबत मतांचा हिशोब केलेला कागद होता, आमच्या भागातली २६ मतं एकत्र राहणार असं सगळ्यांनी देवाशप्पथ सांगितलं होतं. सकाळी दिल्लीहून निरीक्षक आले. मतपेटी टेबलावर ठेवलेली होती, लाखेसकट. निरीक्षकांनी पक्षाच्या एकजुटीवर वीसेक मिनिटं भाषण केलं आणि मग एका ज्येष्ठ नेत्याने उठून एका ओळीचा ठराव मांडला की 'सर्व नियुक्त्यांचे अधिकार राष्ट्रीय अध्यक्षांना देण्यात येत आहेत.' टाळ्या वाजल्या, हात वर झाले. माझाही वर गेला, कारण शेजारचा वर गेला होता. दुपारचं जेवण करून आम्ही परत. ती पेटी उघडायची वेळच आली नाही.

दीड महिन्याने यादी आली त्यात आमच्या भागाचा माणूस होता बरं का. चांगला माणूस. पण पुढच्या पाच वर्षांत तो आमच्याकडे दोनदा आला, दोन्ही वेळा दिल्लीचा निरोप घेऊन आला. आमचा निरोप घेऊन तो तिकडे कधी गेला नाही. त्याला दोष देत नाही मी, ज्याने खुर्ची दिली त्याच्याकडे माणूस बघणार. म्हणून बाळा, मसुद्यात किती जागा ते नंतर लिही, आधी कोण निवडणार ते लिही. नेमलेला माणूस हा नेमणाऱ्याचा प्रतिनिधी असतो, भागाचा नसतो, मग त्याचं गाव कुठलंही असो.

---

अनुस्वार

सतरंजीवाला काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण निवडणूक घेतली की सगळं ठीक होतं हे मला पटत नाही. काँग्रेसचं १९९२ चं तिरुपती अधिवेशन आठवा. नरसिंह राव अध्यक्ष होते, वर्किंग कमिटीसाठी खरंच मतदान झालं. अर्जुन सिंह, शरद पवार असे मोठे नेते निवडून आले, पण निवडून आलेल्यांत एकही महिला नाही, दलित नाही, आदिवासी नाही. राव यांनी तेच कारण पुढे केलं, निवडून आलेल्यांना राजीनामे द्यायला लावले आणि समिती नव्याने बनवली, त्यात अर्जुन सिंह आणि पवार नियुक्त म्हणून आले. राव यांना त्यांचं वजन कमी करायचं होतं असं तेव्हापासून लोक म्हणतात आणि ते खरं असेलही, पण यादीत महिला आणि दलित नव्हते हे तर कुणी नाकारू शकत नाही ना. खुल्या मतदानात ज्याच्यामागे मोठं राज्य, पैसा, ओळखी आहेत तोच येतो. ईशान्येतला, गोव्यातला माणूस कधी येणार?

मग तेव्हापासून काय झालं तर १९९७ ला कलकत्त्याला मतदान झालं आणि त्यानंतर नेमणुकाच चालू आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत रायपूरला पुन्हा ठरलं की निवडणूक नको, अध्यक्ष खर्गे यांनी नेमावं. तिथेच घटनादुरुस्ती होऊन समिती २५ वरून ३५ ची झाली आणि निम्म्या जागा अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि तरुण यांच्यासाठी ठेवायचं ठरलं. हे चांगलंच झालं. पण बघा, त्यात प्रदेश हा शब्द नाही. ऑगस्टमध्ये यादी आली त्यात माजी पंतप्रधान, माजी अध्यक्ष वगैरे धरून ३९ सदस्य, वर ३२ कायम निमंत्रित. केरळमधून अँटनी, वेणुगोपाल, थरूर असे तीन पूर्ण सदस्य. केरळच्या लोकसभेच्या जागा २०.

आणि माणूस कुठल्या प्रदेशाचा हे ठरवायचं कसं? मुकुल वासनिक बुलढाण्याचे खासदार होते, मग रामटेकचे झाले, २०२२ ला राजस्थानातून राज्यसभेवर गेले. त्यांना कुठल्या खात्यात धरायचं? अशोक चव्हाण त्या यादीत होते, नांदेडचे, म्हणजे मराठवाड्याला जागा होती म्हणा. २०२४ च्या फेब्रुवारीत ते भाजपमध्ये गेले. जागा मराठवाड्याची असती तर ती मराठवाड्याकडे राहिली असती. ती त्यांची होती म्हणून त्यांच्यासोबत गेली.

---

बालाघाटचा

अनुस्वार, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. जागा कुणाची, माणसाची की भागाची, हे मला शब्दांत मांडता येत नव्हतं. पण मग मी दोन दगडांमध्ये अडकलो ना. नेमला तर तो वरच्यांचा, आणि निवडला तर मोठ्या भागवाल्यांचा. आमच्याकडे लोकसभेच्या ४८ पैकी ८ जागा, प्रतिनिधी पण त्याच हिशोबात. सरळ मतदान झालं तर आम्ही कधीच निवडून येत नाही. याच्यातून वाट आहे का?

---

कोटा_पद्धत

आहे, आणि ती काँग्रेसच्या घटनेतच लिहिलेली आहे, फक्त वापरली जात नाही. प्रदेश समितीच्या सदस्यांच्या एक षष्ठांश (२०२३ च्या दुरुस्तीआधी एक अष्टमांश) इतके लोक अखिल भारतीय समितीवर निवडायचे आणि ते एकल संक्रमणीय मताने, म्हणजे आपली विधान परिषद आणि राज्यसभेची निवडणूक होते त्या पद्धतीने. पहिल्या पसंतीची मतं, कोटा, दुसऱ्या पसंतीची मतं हे टीव्हीवर दर दोन वर्षांनी ऐकतो ते हेच.

तुमच्याच आकड्यावर करून दाखवतो. समजा राज्यातून १२० प्रतिनिधी आणि ५ जागा भरायच्या. सरळ पद्धतीत प्रत्येकाला ५ मतं. ज्या गटाकडे ६१ लोक आहेत आणि ते ठरवून एकाच यादीवर शिक्के मारतात त्यांच्या पाचही जागा येतात, उरलेल्या ५९ ना शून्य. पुढच्या वेळी पण शून्य. काकांच्या २६ मतांचं पेटी उघडली असती तरी हेच झालं असतं, वाईट वाटतं लिहायला पण खरंय.

आता कोटा पद्धत. १२० ला जागा अधिक एक म्हणजे ६ ने भागा, २० आले, त्यात १ मिळवा, २१. ज्या उमेदवाराला २१ मतं पडली तो आला, त्याला कुणीच अडवू शकत नाही. काकांकडे २६ होती, एक माणूस नक्की आला असता आणि वरची ५ मतं दुसऱ्या पसंतीने पुढे सरकली असती. यात राखीव जागा नाही, नेमणूक नाही, कुणाची मेहेरबानी नाही.

मराठवाड्याचं गणित मात्र काठावर आहे. ४८ पैकी ८ म्हणजे सहावा हिस्सा, म्हणजे १२० पैकी २० प्रतिनिधी. कोटा २१. एक मत कमी पडतं! म्हणून शेजारच्या कुणाची तरी दुसरी पसंती आणावी लागेल, सोलापूर म्हणा, यवतमाळ म्हणा, जिथे सोयाबीनचा आणि पाण्याचा प्रश्न सारखाच आहे. मला हे उलट चांगलं वाटतं, कारण मग तुमचा उमेदवार असा शोधावा लागेल की ज्याला बाहेरच्या भागातलं कुणीतरी दुसरं मत देईल. नुसता आमचा आमचा म्हणणारा चालणार नाही.

---

लाल_कंदील

मी नाशिकचा, कामगार चळवळीतला. आमच्याकडची पद्धत सांगतो, चांगली-वाईट तुम्ही ठरवा. माकपमध्ये मावळती केंद्रीय समिती पुढच्या समितीचं पॅनेल मांडते आणि पक्षाचं महाअधिवेशन ते मंजूर करतं. प्रतिनिधी राज्याच्या सदस्यसंख्येच्या हिशोबाने येतात त्यामुळे केरळची संख्या भारी असते. सदस्यांवर मोजायचं म्हटलं की जिथे पक्ष आधीच मजबूत तो अजून मजबूत होतो आणि जिथे वाढवायचाय तिथला आवाज बारीक, हा तोटा आहेच.

पण त्याच पक्षात २०२५ च्या एप्रिलमध्ये मदुराईला १८ जणांचं पॉलिट ब्युरो, म्हणजे पक्षाची सगळ्यात वरची समिती, निवडलं त्यात महाराष्ट्रातले दोघं आहेत, अशोक ढवळे आणि मरियम ढवळे. विधानसभेत आमचा एकच आमदार, डहाणूचा. मग दोघं कसे? तर २०१८ चा नाशिक ते मुंबई लाँग मार्च आठवा, हजारो शेतकरी, आदिवासी आयाबाया पायाला फोड येईपर्यंत चालल्या होत्या. त्या कामाचं वजन देशभर गेलं. माझं म्हणणं एवढंच की जागा नुसत्या डोक्यांवर मोजू नका, काम उभं करा, दखल घ्यावीच लागते.

आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो, त्याच मदुराईत डी. एल. कराड पॅनेलच्या बाहेर केंद्रीय समितीसाठी उभे राहिले, ३१ मतं पडली, हरले. पण मतदान झालं, मोजलं गेलं. त्या ३१ जणांचं म्हणणं काय होतं हे नोंदलं गेलं ना. एका ओळीच्या ठरावात तेवढंही होत नाही.

---

सतरंजीवाला

लाल कंदील, ३१ मतं मोजली गेली हे वाचून बरं वाटलं. हरलो असतो तरी चाललं असतं मला, पण आमची २६ कुणी मोजलीच नाहीत याचं दुःख आजही आहे.

---

परदेशस्थ_मी

बाहेरचं थोडं सांगते, उपयोग होईल.

अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीत १६८ लोक असतात. ५० राज्यं, राजधानी वॉशिंग्टन आणि पाच बेटांचे प्रदेश असे ५६, आणि प्रत्येकाला तीनच जागा: राज्य अध्यक्ष, एक पुरुष, एक महिला. कॅलिफोर्नियाला तीन आणि वायोमिंगलाही तीन. डेमोक्रॅटिक पक्षात राज्य अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सगळ्यांचे येतातच पण त्यावर राज्याच्या आकाराप्रमाणे वाढीव जागा असतात. एकाने राज्य हा घटक सारखा धरला, दुसऱ्याने दोन्हीचं मिश्रण केलं. दक्षिण आफ्रिकेत एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) पक्षाच्या कार्यकारिणीत ८० जण महाअधिवेशन निवडतं, आणि प्रत्येक प्रांताचा अध्यक्ष आणि सचिव पदसिद्ध म्हणून येऊन बसतात.

पण सतरंजीवाला काका जे म्हणाले त्याचं अगदी हुबेहूब उदाहरण ब्रिटनच्या लेबर पक्षात घडलं. २०१६ मध्ये राष्ट्रीय कार्यकारिणीत स्कॉटलंड आणि वेल्सला एकेक जागा वाढवून दिली. ऐकायला किती छान! पण ती जागा तिथल्या सदस्यांनी मतदानाने भरायची नव्हती, तिथल्या पक्षनेत्याने नाव द्यायचं होतं. जेरेमी कॉर्बिन पक्षाचे नेते होते आणि कार्यकारिणीत त्यांच्या समर्थकांचं आणि विरोधकांचं बळ इतकं जवळजवळ होतं की या दोन जागांनी पारडं फिरलं. भांडण पेटलं ते प्रदेशाला जागा का दिली म्हणून नाही, ती कोण भरणार यावरून. पुढे २०२० मध्ये सदस्यांच्या ९ जागांना तिथेही कोटा पद्धत आणली.

---

तिसरा_मजला

सगळे जागांवर बोलतायत पण निर्णय होतात कुठे? भाजपचं घ्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय कार्यकारिणी जाहीर झाली, ८० सदस्य, ५० विशेष निमंत्रित, १७९ कायम निमंत्रित. ३०० च्या वर माणसं झाली, सगळ्या राज्यांची नावं त्यात आहेत. आणि खरे निर्णय घेणारं संसदीय मंडळ? ११ जणांचं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते नव्याने केलं तेव्हा नितीन गडकरी बाहेर गेले आणि त्या ११ मध्ये महाराष्ट्राचा एकही उरला नाही. देवेंद्र फडणवीस निवडणूक समितीवर आले, ती वेगळी समिती. येडियुरप्पा, सोनोवाल, लक्ष्मण आले म्हणजे कर्नाटक, आसाम, तेलंगण आलं, तो विचार केलेला दिसतो. पण ४८ खासदारांचं राज्य बाहेर राहू शकतं कारण प्रदेशाची जागा असा नियमच नाही, जो तो त्या वेळच्या गणिताने आत किंवा बाहेर.

त्याच पक्षाच्या घटनेत अध्यक्षाच्या निवडीत मात्र प्रदेशाचा विचार आहे. निम्म्या राज्यांच्या संघटनात्मक निवडणुका पूर्ण झाल्याशिवाय राष्ट्रीय अध्यक्षाची निवड होत नाही, आणि उमेदवाराचं नाव निदान पाच राज्यांतून यावं लागतं. म्हणजे नियम लिहिता येतो. लिहायची इच्छा पाहिजे.

बालाघाटचा, म्हणून सांगतो, ३०० जणांच्या यादीत एक नाव मागून समाधान मानू नका. यादी जेवढी लांब तेवढं एकेकाचं बोलणं कमी. तुमचा माणूस उठून सोयाबीनवर दोन मिनिटं बोलला आणि कुणी लिहून पण घेतलं नाही तर काय करणार?

---

कलम_एकोणतीस

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९क खाली पक्षाची नोंदणी होते, त्यात पक्षाच्या घटनेत संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाहीवर निष्ठा असल्याचं लिहावं लागतं. कार्यकारिणीत कुठला प्रदेश किती, निवडलेले किती नेमलेले किती, याबद्दल एक शब्द नाही. चार राज्यांत राज्य पक्षाची मान्यता असली की राष्ट्रीय पक्ष होता येतं, पण त्या चार राज्यांची माणसं कार्यकारिणीत हवीत असं कुठेही नाही. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अपवाद सोडले तर निवडणूक आयोगाला पक्षाची नोंदणी रद्द करता येत नाही, त्यामुळे पक्षाने आपलीच घटना पाळली नाही तरी आयोगाच्या हातात फारसं काही नाही.

जर्मनीत वेगळं आहे. तिथे १९६७ पासून पक्षांचा स्वतंत्र कायदा आहे, कार्यकारिणी निदान दर दुसऱ्या वर्षी निवडावीच लागते आणि पदसिद्ध सदस्य एक पंचमांशापेक्षा जास्त असता कामा नयेत. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घटनादुरुस्तीच्या कागदाला खूप महत्त्व आहे, कारण पक्षाची घटना हाच एकमेव नियम आहे. शब्द जपून वापरा.

---

अनुस्वार

कोटा पद्धत वाचून माझं निम्मं मत बदललं. पण महिलांचं काय? पाच जागा कोट्याने भरल्या आणि पाचही पुरुष आले तर मराठवाडा आला पण तिथली बाई पुन्हा बाहेरच. मी स्वतः महिला आघाडीत होते, सभेत पहिल्या रांगेत बसवायचे, यादी बनताना बोलवायचे नाहीत. भागाची जागा मागताना हे विसरू नका.

---

बालाघाटचा

अनुस्वार ताई, बरोबर आहे, आणि तुम्ही सांगितलं नसतं तर मसुद्यात ते आलं नसतं हे मान्य करतो.

काल रात्री बसून लिहिलंय, इथे टाकतो, चुका काढा.

'राष्ट्रीय कार्यकारिणीतील किमान दोन तृतीयांश सदस्य निवडलेले असावेत. प्रत्येक प्रदेशातून किमान एक सदस्य असावा, आणि मोठ्या प्रदेशांना लोकसभेच्या जागांप्रमाणे वाढीव सदस्य असावेत. ज्या प्रदेशाला पाच किंवा अधिक जागा आहेत तिथे निवड एकल संक्रमणीय मताने व्हावी आणि निवडून आलेल्यांत किमान दोन महिला असाव्यात. प्रादेशिक सदस्याचे नाव त्या प्रदेशाच्या मतदार यादीत सलग तीन वर्षे असावे. सदस्याने पक्ष सोडल्यास जागा त्याच प्रदेशाकडे राहील. जिल्हा समितीने पाठवलेल्या ठरावाचे काय झाले याचे लेखी उत्तर सहा महिन्यांत द्यावे.'

शेवटचं वाक्य तिसरा मजला यांचं वाचून घातलं. आमच्या सोयाबीनच्या ठरावाला नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, उत्तर तर आलं असतं.

---

वैनगंगा

मतदार यादीची अट एकदम योग्य. फक्त 'प्रदेश' म्हणजे काय ते आधी लिहा. नाहीतर वरचे लोक प्रदेश म्हणजे राज्य धरतील आणि पुन्हा मुंबई-पुणे.

---

कोटा_पद्धत

लोकसभेच्या हिशोबात सिक्कीम, नागालँड, मिझोरमला एकेकच जागा आहे, त्यांना किमान एकची हमी दिली हे छान केलंत. पण उत्तर प्रदेशच्या ८० ना त्याच प्रमाणात दिलं तर समिती मावणार नाही. कमाल मर्यादा घाला, एका राज्याला दहा टक्क्यांच्या वर नको.

---

सतरंजीवाला

पोरा, मसुदा वाचला, चांगला उतरलाय. दोन ठिकाणी हात लावतो.

'प्रत्येक प्रदेशातून किमान एक सदस्य असावा' असं लिहिलंस. हे वाक्य असंच राहिलं तर दिल्लीतले तुमचे ते चौथे गृहस्थ त्यात बसवतील, म्हणतील हा घ्या तुमच्या प्रदेशातला. तिथे 'प्रदेशातील प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडलेला' असं घाल.

आणि खाली एक कलम नवीन टाक, की निवडीचे अधिकार ठरावाद्वारे कोणालाही देता येणार नाहीत. हे टाकल्याशिवाय बाकीचं सगळं त्या एका ओळीत वाहून जातं, मी बघितलंय.

---

बालाघाटचा

काका, दोन्ही घातलं. वैनगंगा, प्रदेश म्हणजे विभाग अशी व्याख्या वर टाकली, विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मुंबई अशी नावं लिहून. दहा टक्क्यांची मर्यादा पण आली. रविवारी तालुक्याच्या बैठकीत वाचून दाखवतोय, तिथे हात वर करून नाही, चिठ्ठ्या वाटून मतदान घेणार आहे. चिठ्ठ्या छापायला दिल्यात. निकाल काय लागेल तो इथे टाकतो.